कोल्हापूरहून माले: वर्षअखेरच्या गर्दीत चार्टर जेट कसं बसवायचं?

शाहूपुरीकर

नमस्कार मंडळी. आठ जणांचं एक कुटुंब आहे, त्यात दोन ज्येष्ठ आणि दोन लहान मुलं. २८ डिसेंबरला सकाळी कोल्हापुरातून निघून त्याच दिवशी मालदीवच्या रिसॉर्टवर पोहोचायचं आणि ३ जानेवारीला परत यायचं, अशी त्यांची मागणी आहे. विमान आठ आसनी मध्यम जेट, ऑपरेटर मुंबईचा. त्याने दिलेल्या कोटेशनमध्ये "कोल्हापूर-माले-कोल्हापूर" एवढंच लिहिलंय. विमान सहा दिवस मालेलाच थांबेल असं तो तोंडी सांगतोय.

विचारायचं एवढंच:
१. उजळाईवाडीहून, म्हणजे कोल्हापूर विमानतळावरून, थेट मालेला जाता येतं का?
२. त्या आठवड्यात मालेच्या वेलाना विमानतळावर जेट सहा दिवस उभं राहू देतात का?
३. मालेत किती वाजता उतरलं तर रिसॉर्ट त्याच दिवशी गाठता येईल?
४. कागदपत्रांत नेमकं काय अडतं?

रिसॉर्टकडे सी-प्लेनने जायचंय. नेमकं बेट अजून पक्कं झालेलं नाही, दोन-तीन पर्याय आहेत.

---

रॅम्प_०७२५

पहिल्याचं उत्तर: नाही. कोल्हापूरला कस्टम्स आणि इमिग्रेशन नाही, त्यामुळे इथून उठलेलं विमान देशाबाहेर जाण्याआधी कस्टम्स असलेल्या विमानतळावर उतरलंच पाहिजे. परतीलाही तेच. म्हणजे कोटेशनमध्ये दोन फेऱ्या दिसताहेत त्या प्रत्यक्षात किमान चार आहेत. ऑपरेटरला हे माहीत असणारच. त्याने लिहिलेलं नसेल तर मधल्या विमानतळाचे लँडिंग, पार्किंग आणि हँडलिंगचे पैसे नंतर वेगळे येतील. आत्ताच लेखी घ्या.

दुसरी गोष्ट धावपट्टीची. आपली पट्टी १,९३० मीटर, म्हणजे साधारण ६,३३० फूट, आणि समुद्रसपाटीपासूनची उंची २,००० फुटांच्या आसपास. आठ आसनी जुन्या मध्यम जेटला पूर्ण वजनाने उडायला समुद्रसपाटीवर, थंड हवेत सुमारे ५,००० फूट लागतात. इथली उंची आणि उष्णता मिळवली की हा आकडा भराभर वाढतो. एप्रिलच्या दुपारी ३८ अंशांना इंजिन आणि पंखांना हवा जणू ५,२०० फुटांवरची लागते. डिसेंबरच्या सकाळी तेवढा त्रास नाही, तरीही टाक्या गच्च भरून आठ माणसं आणि सामान घेऊन निघायचा हट्ट करू नये. पहिल्या टप्प्यापुरतं इंधन, बाकीचं पुढे भरायचं. मुंबईहून येणारं विमान एवढं इंधन घेऊनच इथे उतरवता येतं. इथे भरायचं असेल तर मिळेल की नाही हे ऑपरेटरने आधी विचारून ठेवावं, गृहीत धरू नये.

विमान आदल्या संध्याकाळीच कोल्हापुरात आणून ठेवा. मुंबईत गर्दीच्या तासांत खासगी आणि चार्टर विमानांवर निर्बंध असतात, सकाळी तिथून वेळेत सुटणं कठीण. पण आपल्याकडेही पार्किंगच्या जागा मोजक्याच आहेत आणि शेड्यूल विमानांचा हक्क आधी. रात्रीच्या मुक्कामाची परवानगी विमानतळाकडून आधी घ्या. टॉवरच्या कामाच्या वेळा त्या दिवसाच्या नोटॅममध्ये (वैमानिकांसाठीच्या अधिकृत सूचनेत) बघा. डिसेंबरअखेर सकाळी धुकं असतं, म्हणून साडेआठच्या आधीची वेळ प्रवाशांना सांगू नका.

---

स्लॉट_आणि_स्टँड

तुमचा दुसरा प्रश्न खरं तर पहिला हवा. बाकी सगळं त्यावर बेतलेलं असतं.

आपल्याकडे मे महिन्यात लग्न काढलं तर आधी कार्यालयाची तारीख बघतात, मुहूर्त त्यात बसवतात. वेलानाचं वर्षअखेरीस तसंच आहे. आधी विमान रात्री उभं कुठे राहणार ते ठरवा, मग निघायची वेळ.

वेलाना हुलहुले नावाच्या बेटावर आहे. बेट म्हणजे जवळपास विमानतळच. २०२२ मध्ये ३,४०० मीटर लांब आणि ६० मीटर रुंद नवी धावपट्टी सुरू झाली, जुनी पट्टी टॅक्सीवेसाठी वापरात आली. त्यामुळे उतरणं-उडणं मोकळं झालं, पण चारी बाजूंनी समुद्र असलेल्या जागेत पार्किंग किती वाढणार? डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत युरोप, आखात, रशिया, सगळीकडची मोठी जेट तिथे येतात. त्या काळात मुक्कामाचं पार्किंग बहुधा मिळत नाही. माणसं उतरवा आणि दिलेल्या वेळेत निघा, असाच प्रकार. नेमक्या तारखा आणि अटी दरवर्षीच्या नोटॅममध्ये येतात. "सहा दिवस थांबेल" हे ऑपरेटरचं तोंडी वाक्य पार्किंगच्या लेखी मंजुरीशिवाय मोजू नका.

विमान थांबणार नसेल तर वेलानाला चार हालचाली होतात: भरून येणं, रिकामं जाणं, रिकामं परत येणं, भरून निघणं. चारही हालचालींना स्वतंत्र स्लॉट, म्हणजे विमानतळाने ठरवून दिलेल्या वेळा, लागतात. नवखा माणूस पहिला आणि शेवटचा मागतो, मधले दोन विसरतो, आणि ३ जानेवारीला विमान आणायला स्लॉटच शिल्लक नसतो.

रिकामं विमान न्यायचं कुठे? मालेपासूनची सरळ अंतरं, नॉटिकल मैलांत, ढोबळ:

मालदीवमधलेच माफारू ९८, हनिमाधू १५५, गान २९०; बाहेर तिरुवनंतपुरम ३३०, कोची ३९५, कोलंबो ४२०.

परदेशी विमानं गान, कोलंबो किंवा श्रीलंकेतल्या मत्तलाला जातात. आपल्या व्हीटी, म्हणजे भारतीय, नोंदणीच्या विमानाला मात्र कोची म्हणजे घर. कोलंबोपेक्षा जवळ, तिसऱ्या देशाची परवानगी नाही, खर्च रुपयांत, क्रू बदलायचा तर देशातल्या देशात बदलता येतो. गान जवळ दिसतं खरं, पण ते मालेच्याही दक्षिणेला आहे, आपल्यापासून आणखी दूर. तिथे काही बिघडलं तर सुटा भाग पोहोचवायलाच दोन दिवस जातील.

माझं मत ठाम आहे: विमान मालेहून रिकामं कोचीला किंवा तिरुवनंतपुरमला आणा. जाऊन-येऊन दोन-सव्वादोन तासांचं उड्डाण वाढतं, तेवढं कोटेशनमध्ये आधीच धरा.

आणि रिसॉर्ट पक्कं करण्याआधी ते कोणत्या अ‍ॅटॉलमध्ये (बेटांच्या समूहात) आहे ते बघा. नूनू अ‍ॅटॉल असेल तर माफारूचा आंतरराष्ट्रीय विमानतळ तिथेच आहे, पट्टी २,२०० मीटर, खासगी जेटची सोय डोळ्यासमोर ठेवूनच बांधलेला. मग वेलानाची गर्दीच टळते आणि सी-प्लेनऐवजी बोटीने रिसॉर्ट गाठता येतं. तिथलं पार्किंगही त्या आठवड्यात भरतं, म्हणून चौकशी आजच करा.

---

कागलकर_७

मधला थांबा गोव्याचा का नको? तिथला मोपा विमानतळ कोल्हापूरपासून सरळ रेषेत जेमतेम ६० नॉटिकल मैल. प्रवाशांना तिथपर्यंत गाडीनेसुद्धा आणता येईल.

---

रॅम्प_०७२५

गाडीने नेणार असाल तर मोपा उत्तम. जानेवारी २०२३ पासून सुरू आहे, कस्टम्स-इमिग्रेशन आहे, तिथून माले सरळ दक्षिणेला सुमारे ६९५ मैल, म्हणजे पावणेदोन तास. कोल्हापूरचा टप्पाच गेला की धावपट्टी, वजन, धुकं हे प्रश्नही गेले. गोव्याचा दुसरा विमानतळ दाबोळी मात्र धरू नका, तो नौदलाचा तळ आहे आणि आठवड्याच्या दिवशी सकाळी नागरी विमानांवर बंधनं असतात.

पण कोल्हापुरातूनच उडायचं असेल तर ६० मैलांसाठी वर चढून लगेच उतरणं हा जेटचा सगळ्यात महाग प्रकार. चढाईला इंधन जास्त जळतं, ती उंची वापरायच्या आधीच खाली यायचं, आणि चाकं, ब्रेक झिजतात, इंजिनाच्या मोजक्या उड्डाणांपैकी एक खर्ची पडतं. कोल्हापूर-कोची ४१०, कोची-माले ३९५, मिळून सुमारे ८०५ मैल. सरळ रेषेत कोल्हापूर-माले ७५० आहे. म्हणजे कोची वाटेवरच, वळसा फक्त ५५ मैलांचा.

वर कोचीला डिसेंबर २०२२ पासून बिझनेस जेटसाठी स्वतंत्र टर्मिनल आहे. इमिग्रेशन आणि कस्टम्स तिथेच होतं, ज्येष्ठांना मोठ्या टर्मिनलमधून चालावं लागत नाही. आधी कळवून ठेवलं तर इंधनासह सव्वा तासात सगळं उरकतं.

---

शाहूपुरीकर

खूप उपयोगी माहिती. कुटुंबाला उजळाईवाडीहूनच निघायचंय, त्यामुळे कोची पक्कं. आता वेळेचं गणित आणि इंधनाचं सांगाल का? ऑपरेटर म्हणतो, "मालेत घिरट्या घालाव्या लागल्या तर बघू."

---

डिस्पॅच_डेस्क

"बघू" चालणार नाही. गर्दीच्या बेटावर जाताना घिरट्यांचं इंधन जमिनीवरच भरून घ्यायचं असतं.

ताशी ७५० किलो जाळणारं मध्यम जेट धरू. हा ढोबळ हिशेब, खरा आकडा ऑपरेटरच्या फ्लाइट प्लॅनमधून घ्या:

कोची-माले ७० मिनिटं: ८७५ किलो
त्यावर ५ टक्के: ४५
मालेहून तिरुवनंतपुरमला वळायचं झालं तर ५५ मिनिटं: ६९०
शेवटचा राखीव साठा, ३० मिनिटं: ३७५
घिरट्या २० मिनिटं: २५०
टॅक्सी (जमिनीवर चालवणं): ७५

एकूण २,३०० किलोच्या आसपास. यातले घिरट्यांचे २५० किलो नियमाने सक्तीचे नाहीत, ते गर्दीसाठी. मी असतो तर ते कमी केले नसते. रांगेत बसवलं आणि हे इंधन नसेल, तर मालेचे दिवे दिसत असताना वळून जावं लागतं.

पर्यायी विमानतळ निवडताना हमखास होणारी चूक: नकाशावर जवळ दिसतो म्हणून मालदीवमधलाच छोटा विमानतळ लिहायचा. तो त्या वेळी उघडा आहे का, जेटला इंधन देऊ शकतो का, आणि त्याचा अ‍ॅप्रन (विमानं उभी करायची जागा) आधीच उभ्या विमानांनी भरलेला नाही ना, हे तिन्ही विचारल्याशिवाय लिहू नका. वेलाना अडलं की तिथे निघालेली सगळीच विमानं शेजारी शोधतात. तिरुवनंतपुरम ३३० मैल लांब, पण चोवीस तासांचा मोठा विमानतळ, आणि आपल्याच देशात.

कोचीत जास्त भरून परतीचंही इंधन नेता येईल का, हे उतरण्याच्या कमाल वजनावर ठरतं. वेलानाची पट्टी ३,४०० मीटर आहे, तिची अडचण नाही. विमान कोचीला रिकामंच परतणार असल्याने हे बहुतेक जमतं. मग मालेत इंधनाच्या गाडीची वाट बघत दिलेली मिनिटं वाया जात नाहीत.

वेळा अशा बसवा:

कोल्हापूर सुटणं ०८:३०, कोची ०९:४०. कोची सुटणं १०:५०, माले १२:००. या सगळ्या भारतीय वेळा. मालेचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे, म्हणजे तिथे ११:३०. स्लॉट मागायचा तो यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, ०६:३०.

इथे चूक फार होते. भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करायचे, मालेच्या वेळेतून पाच. कुणीतरी मालेची वेळ घेऊन साडेपाच वजा करतो आणि स्लॉट अर्धा तास आधीचा निघतो. प्रत्येक कागदावर यूटीसीच लिहा, कंसात स्थानिक वेळ नकोच.

क्रूच्या ड्युटीतही मालेनंतरची रिकामी फेरी धरा. दोन नव्हे, तीन टप्पे आणि तीन लँडिंग. सकाळी कोल्हापुरात उशीर झाला तर तिसरा टप्पा ड्युटीच्या मर्यादेबाहेर जाऊ शकतो, आणि मालेत थांबायची तर परवानगी नाही. ही कोंडी टाळायला एकतर क्रू वाढवून न्या, किंवा कोचीहून निघण्याची एक शेवटची वेळ आधीच ठरवा. ती उलटली तर त्या दिवशी मालेला निघायचंच नाही, कोचीत मुक्काम.

वाऱ्याचं थोडक्यात: वेलानाची पट्टी दक्षिणोत्तर, १८/३६. डिसेंबर-जानेवारीत ईशान्येचा वारा असतो, फारसा त्रास नाही. पावसाळ्यातल्या सहलीला मात्र पश्चिमेचा वारा थेट आडवा येतो, तेव्हा विमानाची आडव्या वाऱ्याची मर्यादा विचारा.

---

बेटावरची_बोट

तिसऱ्या प्रश्नाबद्दल. सी-प्लेन फक्त उजेडात उडतात, वैमानिक डोळ्यांनी बघून पाण्यावर उतरवतो. दुपारी साडेतीननंतर मालेत उतरलात तर लांबच्या बेटाचं सी-प्लेन मिळेलच असं नाही, मग रात्र मालेत किंवा हुलहुमालेत काढावी लागते, आणि वर्षअखेरीस तिथेही खोल्या मिळणं अवघड. साडेअकराची योजना म्हणूनच चांगली, चार तास हाताशी राहतात.

सी-प्लेनची वेळ आधी छापून येत नाही. रिसॉर्ट उतरण्याची वेळ विचारतं आणि त्यानुसार आसनं लावतं. जेटची वेळ बदलली की पहिला फोन रिसॉर्टला. सामान माणशी २० किलो आणि हातात ५ किलो ही नेहमीची मर्यादा. जेटमध्ये जातं तेवढं सगळं सी-प्लेनमध्ये जात नाही. आठ जणांच्या कडक मोठ्या बॅगांपेक्षा मऊ पिशव्या घ्यायला सांगा, त्या जेटच्या सामानकक्षातही नीट बसतात.

परतीला एक गफलत हमखास होते. बरीच रिसॉर्ट्स स्वतःचं घड्याळ मालेपेक्षा एक तास पुढे ठेवतात, म्हणजे आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे. रिसॉर्टचा माणूस "दहा वाजता" म्हणाला तर मालेत नऊ आणि कोल्हापुरात साडेनऊ. "बेटाची वेळ की मालेची?" हे विचारून लिहून ठेवा.

आता सामानात काय नको: दारू, डुकराचं मांस आणि पूजेच्या मूर्ती मालदीवमध्ये नेता येत नाहीत. मूर्तीचा नियम आपल्या लोकांना माहीत नसतो. कुणी अंबाबाईची मूर्ती भेट म्हणून बॅगेत ठेवली तर ती कस्टम्सवर अडवली जाईल आणि ज्येष्ठांना त्याचं फार वाईट वाटेल. निघायच्या आदल्या दिवशी घरी बसून स्पष्ट सांगा. विमानातला बार असेल तर क्रूने उतरण्याआधी कुलूप लावून त्याची यादी तयार ठेवावी.

प्रत्येक प्रवाशाने, लहान मुलांनीसुद्धा, इमुगा हे ऑनलाइन निवेदन प्रवासाच्या ९६ तासांच्या आत भरायचं. परतीला पुन्हा वेगळं. भारतीयांना व्हिसा तिथे उतरल्यावर मिळतो, आधी काढावा लागत नाही. रिसॉर्टचं बुकिंग छापून हातात ठेवा.

आणि खर्चातलं एक कलम जे कोटेशनमध्ये जवळजवळ कधीच नसतं: डिसेंबर २०२४ पासून खासगी जेटने मालदीव सोडणाऱ्या परदेशी प्रवाशाला डिपार्चर टॅक्स ४८० डॉलर आणि विमानतळ विकास शुल्क ४८० डॉलर. माणशी ९६०. आठ जण पूर्ण दराचे धरले तर ७,६८० डॉलर. कुटुंबाला पहिल्याच बैठकीत सांगा.

---

स्लॉट_आणि_स्टँड

कागदपत्रांचं राहिलं.

सगळ्यात आधी विमान भाड्याने द्यायचा अधिकार त्या ऑपरेटरकडे आहे का ते बघा. त्याच्याकडे डीजीसीएचं (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं) नॉन-शेड्यूल्ड ऑपरेटर परमिट हवं आणि तुम्हाला मिळणारं नेमकं विमान, त्याच्या व्हीटी क्रमांकासह, त्या परमिटवर चढवलेलं हवं. खासगी वापराच्या नोंदणीचं विमान पैसे घेऊन देता येत नाही. स्वस्त मिळतं म्हणून कुणी घेतलं आणि काही झालं, तर विमा कंपनी हात वर करते. विम्याच्या कागदावर भौगोलिक क्षेत्र वाचा, मालदीव त्यात बसलं पाहिजे.

मालदीवच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाकडे उतरण्याच्या परवानगीसाठी नोंदणी, उड्डाणयोग्यता, विमा, परमिट यांच्या प्रती, क्रूचे परवाने, प्रवाशांची यादी आणि वेळापत्रक जातं. स्थानिक हँडलरमार्फत (विमानतळावर विमानाची कामं बघणाऱ्या कंपनीमार्फत) पाठवा. तिथली साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवार, आपली शनिवार-रविवार. मधले कामाचे दिवस मोजताना दोन्ही धरा. गुरुवारी दुपारी पाठवलेल्या अर्जाचं उत्तर रविवारच्या आत येत नाही, आणि रविवारी आलेल्या शंकेचं उत्तर द्यायला तुमच्या ऑपरेटरच्या कार्यालयात कुणी नसतं.

भारतातल्या टप्प्यांना फ्लाइट प्लॅनबरोबर एफआयसी (उड्डाण माहिती केंद्राचा) आणि एडीसी (हवाई संरक्षणाच्या परवानगीचा) क्रमांक लागतात. वेळ बरीच सरकली तर पुन्हा घ्यावी लागते, म्हणून धुक्यामुळे थांबलात तर वैमानिकाने घड्याळाकडे बघत बसू नये, डेस्कने लगेच फोन उचलावा.

नावं पासपोर्टवरून उतरवा, आधारवरून नाही. आपल्याकडे आडनाव आधी, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये, असे दहा प्रकार असतात. जनरल डिक्लरेशन (विमान, क्रू आणि प्रवाशांचं अधिकृत निवेदन), प्रवासी यादी आणि इमुगा या तिन्ही ठिकाणी एकच नाव हवं. कोचीच्या काउंटरवर पाऊण तास जातो तो बहुतेक वेळा यातच.

---

शाहूपुरीकर

आज ऑपरेटरशी बोललो. वेलानाच्या मुक्कामाची लेखी मंजुरी त्याच्याकडे नाही. कोचीला परत आणायची रिकामी फेरी धरून नवं कोटेशन मागितलंय. कुटुंबाला नूनूमधलं एक बेटही सुचवलंय. आता आधी काय पक्कं करू?

---

स्लॉट_आणि_स्टँड

या क्रमाने जा: आज हँडलरमार्फत माफारूचं पार्किंग विचारा. मिळालं तर नूनूतलं रिसॉर्ट घ्या, वेलाना सोडा. नाही मिळालं तर वेलानाचे चारही स्लॉट एकाच अर्जात मागा आणि ते हातात येईपर्यंत रिसॉर्टला परत न मिळणारी रक्कम भरू नका. मग कोचीचं पार्किंग, सहा रात्रींचं. शेवटी कोल्हापूरचा २७ तारखेच्या रात्रीचा मुक्काम.

३ जानेवारीचा परतीचा स्लॉट मालेच्या सकाळी ११:०० ला, म्हणजे ०६:०० यूटीसीला मागा. मग भारतीय वेळेने कोचीला १२:४०, तिथून १३:५०, उजळाईवाडीला दुपारी ३ वाजता. रिकामं विमान त्याआधी किती वेळ मालेत येऊ शकतं ते स्लॉटच्या अटीत असेल. तेवढ्या वेळात सी-प्लेनने माणसं पोहोचायला हवीत, म्हणून रिसॉर्टला सकाळचं पहिलं सी-प्लेन मागायला सांगा. आणि हो, सी-प्लेनची वेळ मालेच्या घड्याळाची.